कातळाची सवय चुनखडीत नडते : दऱ्या, जंगले आणि गुहांच्या वाटेवर या चुका टाळा

पुण्यात ट्रेकिंग शिकलेल्या माणसाचे पाय बेसॉल्टवर तयार झालेले असतात. सिंहगड असो, राजगड असो की ताम्हिणीतली एखादी घळ, पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा तोच काळा कातळ असतो. पाणी कुठे मिळेल, पाय कुठे घसरेल आणि ओढा किती वेळात ओसरेल, याचे सगळे आडाखे त्या कातळावरच बसलेले असतात. हीच मंडळी हिवाळ्यात कर्नाटकातल्या कुमट्याजवळच्या याणला, बस्तरमधल्या कांगेर खोऱ्यात किंवा मेघालयात जातात, तेव्हा खडक बदलून चुनखडीचा झालेला असतो. आडाखे मात्र तेच राहतात. पुढे नोंदवलेल्या बहुतेक चुकांचे मूळ इथेच आहे.

नकाशावरच्या ओढ्याच्या भरवशावर राहणे

सह्याद्रीतल्या गडांवर पाण्याची टाकी खोदता आली, कारण अखंड बेसॉल्टमधून पाणी सहसा झिरपून जात नाही. चुनखडीचा स्वभाव नेमका उलटा आहे. हा खडक मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा असतो; पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहूनही अधिक मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि फटींतून उतरताना खडक विरघळवत जाते. हजारो वर्षांत फटींचे नळ होतात आणि नळांच्या गुहा होतात. त्यामुळे नकाशावर ठळक दिसणारा ओढा प्रत्यक्षात एखाद्या विवरात गडप झालेला असतो आणि बराच लांब, भलत्याच उतारावर झरा होऊन बाहेर पडतो. मेघालयातल्या सोहऱ्याला, म्हणजे आपल्या शाळेच्या पुस्तकातल्या चेरापुंजीला, वर्षाला सरासरी ११,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही हिवाळ्यात तिथल्या लोकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. अशा प्रदेशात दिवसभराच्या चालीसाठी माणशी किमान तीन लिटर पाणी शेवटच्या गावातूनच भरून घ्यावे.

झरा सापडला तरी दुसरी चूक वाट पाहत असते. ‘जमिनीतून आलेले पाणी म्हणजे गाळलेले पाणी’ हा समज चुनखडीत धोक्याचा ठरतो, कारण मोकळ्या नळांतून धावणाऱ्या पाण्याला गाळणारे फारसे काही मध्ये नसते. वरच्या पठारावरच्या विवरात पडलेले शेण किंवा मेलेले जनावर खालच्या झऱ्यापर्यंत लवकर पोहोचते. पाणी उकळून प्यावे हे उत्तम. ते जमणार नसेल तर आधी स्वच्छ फडक्यातून गाळून मगच क्लोरीनची गोळी टाकावी आणि वेष्टनावर दिलेला वेळ पूर्ण थांबावे, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. त्या पाण्यात साबणाचा फेस येत नाही म्हणून घाबरण्याचे कारण नाही. ते केवळ ‘जड’, म्हणजे खडकातले क्षार विरघळलेले पाणी असते.

आकाश निरभ्र आहे म्हणून नदीपात्रात रेंगाळणे

ही चूक घरच्या डोंगरातही होते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधब्यात उभे असलेले पुण्यातलेच एक कुटुंब वाढलेल्या पाण्यात वाहून गेले. अरुंद घळीत पाणी वाढायला आपल्या डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही. वरच्या पठारावर पडलेली जोरदार सर पुरते. अंधारबनाची वाट ज्या भिऱ्याला उतरते, तिथे तर पावसाचाही संबंध नसतो. वीजकेंद्रातून सोडलेल्या पाण्याने कुंडलिकेची पातळी कोरड्या दिवशीही वाढते आणि कोलाडचे राफ्टिंग त्याच पाण्यावर चालते. दगडांवरून उड्या मारत नदी ओलांडणाऱ्याने आधी गावात पाणी सोडण्याची वेळ विचारून घ्यावी.

पाणी अचानक मातकट होणे, त्यावर पालापाचोळा व काटक्या दिसू लागणे आणि तळाशी दगड आपटल्याचा दबका आवाज येणे, या तिन्हींपैकी एक खूणही पुरेशी आहे. त्या वेळी प्रवाहाच्या दिशेने खाली धावू नये, तर बाजूच्या उतारावर सरळ वर चढावे. वेगाने वाहणारे पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडूच नये. नाइलाजाने उथळ पाण्यातून जावे लागलेच, तर सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडावा, म्हणजे पडल्यावर ओझे झटकता येते. कमरेला दोरी बांधून ओढा ओलांडणे धाडसाचे दिसते. परंतु पाय निसटल्यावर ताणलेली दोरी माणसाला पाण्याखाली दाबून धरते, म्हणून मला ती पद्धत मुळीच मान्य नाही. सह्याद्रीतले लहान ओढे पाऊस थांबल्यावर बहुधा काही तासांत ओसरतात. कोरडे कपडे चढवून आणि डबा उघडून थांबणे हाच तिथला शहाणपणा आहे.

गुहांच्या बाबतीत हा हिशेब अधिक कठोर होतो. थायलंडमधल्या थाम लुआंग या चुनखडीच्या गुहेत २३ जून २०१८ रोजी फुटबॉल संघातली बारा मुले आणि त्यांचा प्रशिक्षक शिरले, तेव्हा आतली वाट चालण्याजोगी होती; नंतरच्या पावसाने ती बंद झाली. पाणी उपसण्याच्या कामात सल्ला देण्यासाठी पुण्याच्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही तिथे गेले होते. सगळे जण वाचले, पण बचावकार्यात एका पाणबुड्याने प्राण गमावला. कांगेर खोऱ्यातली कुटुमसर गुहा पावसाळ्यात बंद ठेवतात ती याच कारणाने. तेव्हा ‘थोडेसेच आत जाऊन येऊ’ असा आग्रह वाटाड्याकडे धरू नये.

पायाखालचा खडक न ओळखणे

शंका असेल तर खडकावर सुरीने थोडी भुकटी खरवडावी आणि तिच्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. बारीक बुडबुडे आले तर बहुधा चुनखडी समजावी. (पुण्याच्या कातळातल्या पोकळ्यांत सापडणारे कॅल्साइटचे पांढरे स्फटिकही असेच बुडबुडे देतात, म्हणून परीक्षा स्फटिकाची न करता खडकाची करावी.) उघड्यावर झिजलेल्या चुनखडीच्या कडा तळहात कापण्याइतक्या धारदार असतात, तर लोकांच्या पायांनी घासला गेलेला भाग जुन्या देवळाच्या पायरीसारखा गुळगुळीत होतो आणि ओला झाल्यावर चांगल्या बुटालाही दाद देत नाही. पाचोळ्याने झाकलेल्या खळग्यांचा तळ भक्कम असेलच असे नाही, म्हणून काठीने चाचपल्याशिवाय वाट सोडू नये. कोणी विवरात पडलाच, तर सगळ्यांनी काठाशी धावू नये. एकाने पालथे झोपून बोलावे आणि बाकीच्यांनी मागे राहून ११२ क्रमांकावर मदत मागावी.

मोबाइलवरची रेघ

खोल घळीत कड्यांमुळे उपग्रहाचा संकेत अडतो किंवा परावर्तित होऊन येतो, आणि पडद्यावरचा ठिपका ओढ्याच्या दुसऱ्याच काठावर दिसू लागतो. जंगलात ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच मळलेल्या असतात. दहा मिनिटांत ओळखीची खूण दिसली नाही तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत यावे. ओढ्याच्या कडेने उतरत राहिल्यास सह्याद्रीत बहुधा कड्याच्या टोकाशी पोहोचणे होते.

जंगलातले लहान जीव

जळवांचा बाऊ सगळेच करतात. त्यांना तंबाखू किंवा मीठ पुरते. याणच्या शिळांवर आग्या मोहोळे असतात, त्यामुळे तिथे धूर, आरडाओरडा आणि अत्तर तिन्ही टाळावेत. खरे दुर्लक्ष होते ते गोचिडांकडे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम ओळखला गेलेला माकडताप गोचिडांमुळे पसरतो. उत्तर कन्नड जिल्ह्यात तो आढळतो आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग परिसरातही त्याचे रुग्ण सापडले आहेत. त्याचा जोर साधारण डिसेंबर ते मे या काळात, म्हणजे आपल्या सहलींच्या ऐन हंगामात असतो. पँटचे पाय मोज्यांत खोचावेत, पाचोळ्यावर बसू नये आणि मेलेल्या माकडाच्या जवळपासही जाऊ नये. चिकटलेली गोचीड चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावी. तिला चिरडू नये किंवा चटका देऊ नये. हा ताप चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांनी चढतो, म्हणजे तोवर माणूस पुण्यात परतून कामावर रुजू झालेला असतो आणि डॉक्टरांसमोर डेंग्यूचीच चर्चा सुरू होते. अशा वेळी कोणत्या जंगलात, कोणत्या तारखांना गेलो होतो हे डॉक्टरांनी विचारण्याची वाट न पाहता स्वतः सांगावे.