लघुग्रह शोधायचाय? मग कक्षेचं गणितही शिका

‘अमक्या शाळेच्या विद्यार्थ्याने लघुग्रह शोधला’ अशी बातमी आली, की ओळखीचे पालक विचारायला लागतात, आमच्या मुलीलाही बसवता येईल का यात? येईल की. पैसे लागत नाहीत, दुर्बीण लागत नाही, आणि भर जुलैत, पुण्याचं आकाश ढगांनी गच्च असतानाही कोथरूडच्या घरात बसून जमतं. कारण फोटो इथले नसतातच. ते हवाई बेटांवरच्या हालेआकाला पर्वतावरील पॅन-स्टार्स दुर्बिणींचे असतात आणि इंटरनॅशनल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सर्च कोलॅबोरेशन ही संस्था शोधमोहिमेत नाव नोंदवलेल्या गटांना ते पुरवते.

आकाशाच्या एकाच तुकड्याचे, काही मिनिटांच्या अंतराने घेतलेले चार फोटो मिळतात. अ‍ॅस्ट्रोमेट्रिका या सॉफ्टवेअरमध्ये ते ताऱ्यांच्या कॅटलॉगशी जुळवायचे आणि एकामागून एक फिरवत राहायचं. तारे जागच्या जागी राहतात; एखादा ठिपका सरळ रेषेत, सारख्या वेगाने सरकतो. लगेच पेढे वाटू नका. ठिपक्यावर क्लिक केलं की त्याच्या प्रकाशाचा आलेख उघडतो. घुमटासारखा उंचवटा दिसला तर आशा आहे. सुईसारखं टोक आलं तर तो बहुधा वैश्विक किरण, नाहीतर कॅमेऱ्याचा बिघडलेला पिक्सेल. तेजस्वितेची प्रतही (ठिपका किती तेजस्वी ते सांगणारा आकडा; आकडा मोठा तेवढा ठिपका अंधुक) चारही फोटोंत साधारण जुळायला हवी. एकात २० आणि पुढच्यात २२ दिसली तर सोडून द्या. सुरुवातीला प्रत्येक डागात लघुग्रह दिसतो, पण हळूहळू नजर बसते.

बातमीत न येणारा भाग यापुढचा, आणि माझ्या मते शिकण्यासारखं सगळं तिथेच आहे. कक्षा ठरवायला सहा राशी लागतात: अर्धदीर्घ अक्ष (लंबवर्तुळाच्या लांब अक्षाचा अर्धा भाग), उत्केंद्रता (कक्षा किती लांबट आहे), कल (ती पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी किती तिरकी आहे) आणि आणखी तीन. एका निरीक्षणातून मिळतात दोनच आकडे, कारण दिशा कळते, अंतर कळत नाही. म्हणजे किमान तीन निरीक्षणं हवीत, आणि तीही एकाच तासातली असली तर त्यांतून वाटेल तेवढ्या लंबवर्तुळाकार कक्षा काढता येतात. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझी या खगोलशास्त्रज्ञाला इटलीतल्या पालेर्मोत सेरेस हा पहिला लघुग्रह दिसला, तेव्हा हीच पंचाईत झाली. फेब्रुवारीपर्यंतच तो पाहता आला, मग सूर्याच्या झगमगाटात हरवला. २४ वर्षांच्या गाउस या गणितज्ञाने त्या तुटपुंज्या निरीक्षणांवरून कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरेस पुन्हा सापडला.

आजही क्रम तोच आहे. दोन वेगवेगळ्या रात्रींची निरीक्षणं जुळली, की जगभरच्या लघुग्रहांच्या नोंदी ठेवणारं मायनर प्लॅनेट सेंटर तात्पुरतं नामांकन देतं. समजा, ‘२०२४ सीबी१२’. यातला ‘सी’ म्हणजे फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा, आणि ‘बी१२’ म्हणजे त्या पंधरवड्यातली ३०२वी नोंद. कायमचा क्रमांक मात्र कक्षा पक्की झाल्यावरच मिळतो. मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह साधारण सव्वा ते दीड वर्षाने एकदा प्रतियुतीत, म्हणजे आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो आणि अशा अनेक फेऱ्यांची निरीक्षणं लागतात. त्यामुळे दहावीत ठिपका शोधलेली मुलगी क्रमांक येईपर्यंत पदवीधर झालेली असू शकते. नाव सुचवायचा हक्क त्याच्याही नंतर.

म्हणून नुसत्या सर्टिफिकेटवर कुठे प्रवेश मिळेल या भ्रमात राहू नका. टिळक स्मारक मंदिरातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेत जाऊन आकाश ओळखायला शिका, आयुका या पुण्यातल्या खगोलशास्त्र संस्थेची सर्वांसाठीची व्याख्यानं ऐका, आणि घरी पायथॉन या संगणक भाषेवर हात बसवा. अकरावी-बारावीचे सदिश आणि त्रिकोणमिती इथे रोज लागतात. लघुतम वर्ग पद्धत, म्हणजे अनेक निरीक्षणांशी सर्वांत जास्त जुळणारं उत्तर काढायची रीत, तेवढी वेगळी शिकावी लागेल.

सरावासाठी ४१३० रामानुजन घ्या. १९८८ मध्ये तमिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेतून राजमोहन यांनी शोधलेला हा लघुग्रह. त्याची निरीक्षणं मायनर प्लॅनेट सेंटरवर कुणालाही मोफत मिळतात. काही आठवड्यांच्या अंतराची तीन निवडा, गाउसच्या पद्धतीने अर्धदीर्घ अक्ष काढा, मग केप्लरच्या तिसऱ्या नियमाने (वर्षांतल्या काळाचा वर्ग = खगोलीय एककांतल्या अक्षाचा घन) परिभ्रमणकाळ. अक्ष २.५ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीचपट) असेल तर तो चार वर्षांच्या जरा आत येतो. उत्तर प्रसिद्ध आकड्यांशी ताडून पाहा. मग त्याऐवजी लागोपाठच्या रात्रींची तीन निरीक्षणं घ्या आणि उत्तर किती भरकटतं ते बघा.