पायथन ३.१२ वर प्लगइन लोड होईनात, त्यावर सापडलेला उपाय

आमच्या रिपोर्टच्या प्रोग्राममध्ये प्रत्येक फॉरमॅटसाठी वेगळी प्लगइन फाइल असते. फोल्डरमध्ये टाकली की प्रोग्राम चालू असतानाच ती लोड होते. हे काम पायथनच्या जुन्या 'इम्प' मॉड्यूलमधलं (मॉड्यूल म्हणजे आयात करता येणारी कोडची फाइल) 'लोड_सोर्स' हे फंक्शन करायचं. पायथन ३.१२ मध्ये 'इम्प' काढूनच टाकलंय, त्यामुळे त्याच कामासाठी असलेल्या 'इम्पोर्टलिब'कडे वळणं भाग होतं.

त्यातली तीन फंक्शन्स ओळीने वापरली: आधी 'स्पेक_फ्रॉम_फाइल_लोकेशन' (फाइलची माहिती घेतं), मग 'मॉड्यूल_फ्रॉम_स्पेक' (रिकामं मॉड्यूल बनवतं), शेवटी 'एक्झेक_मॉड्यूल' (फाइलमधला कोड चालवतं). बहुतेक प्लगइन चालले. एकच अडला: 'नन-टाइप'ला '__डिक्ट__' नाही म्हणे! त्यात डेटाक्लास (मुख्यतः डेटा साठवणारा क्लास) होता आणि वर 'फ्यूचर'मधून 'ॲनोटेशन्स' आयात केलेलं. त्यामुळे टाइप नुसत्या स्ट्रिंग म्हणून राहतात आणि त्यांचा अर्थ लावायला डेटाक्लास आपलं मॉड्यूल 'सिस.मॉड्यूल्स'मध्ये, म्हणजे लोड झालेल्या मॉड्यूलच्या नोंदवहीत, शोधतो. जुनं फंक्शन तिथे नोंद आपणहून करायचं, नव्या पद्धतीत ती आपणच करायची असते. एरर मेसेजमध्ये याचा मागमूसही नाही, खरंच चीड येते.

'एक्झेक_मॉड्यूल'च्या आधी ही ओळ घातली आणि काम झालं:

सिस.मॉड्यूल्स[स्पेक.नेम] = मॉड्यूल

ओळ आधीच हवी, कारण डेटाक्लास फाइल चालत असतानाच तयार होतो. प्लगइन मध्येच कोसळला तर 'एक्सेप्ट'मध्ये (एरर पकडणाऱ्या भागात) ती नोंद काढून एरर पुन्हा वर पाठवा, नाहीतर अर्धवट मॉड्यूल तिथेच पडून राहतं. नावापुढे 'प्लगइन_' असं काहीतरी जोडाच. आमच्याकडे एका फाइलचं नाव 'सीएसव्ही' आहे, आणि तेच नाव नोंदवलं असतं तर पायथनचं स्वतःचं सीएसव्ही मॉड्यूल झाकलं गेलं असतं.