वेब नकाशा रेंगाळतोय? असा हलका करा

नकाशा उघडावा, बोटाने सरकवावा आणि पडदा करडा पडून राहावा. मग एकेक तुकडा उगवत जावा. असं झालं की बहुतेक जण आधी मोठा सर्व्हर घ्यायचा विचार करतात. इतकी वर्षं या कामात घालवल्यावर मी ठामपणे सांगेन, की दोष बहुधा सर्व्हरचा नसतो. पाहणाऱ्याला त्या क्षणी दिसणारच नाही असा माल आपण पाठवत असतो आणि ब्राउझरला तो पडद्यावर रेखाटायला लावत असतो. तो माल शोधून कमी करायचा, एवढंच हे काम आहे.

पहिली पायरी : मोजा

अंदाजाने काहीही बदलू नका. ब्राउझरची डेव्हलपर टूल्स उघडा, कॅश (ब्राउझरने आधी साठवलेल्या प्रती) बंद करा, नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करा आणि पान पुन्हा लोड करा. नेटवर्कच्या यादीत दोन गोष्टी बघा : सगळ्यात जड फाइल कोणती, आणि कोणत्या विनंतीचा वेळ नुसता उत्तराची वाट पाहण्यात जातोय. फाइल जड असेल तर डेटा छाटायचा आहे. वाट पाहण्यात वेळ जात असेल तर डेटाबेसकडे वळायचं. दोन्ही ठीक असूनही नकाशा सरकवताना अडखळत असेल, तर प्रश्न चित्र काढण्याचा आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर प्रत्येक फ्रेमला जेमतेम १६ मिलिसेकंद मिळतात, हे लक्षात ठेवा.

हे सगळं साध्या, जुन्या फोनवरही करून बघा. आपल्या कामाच्या लॅपटॉपवर सगळेच नकाशे पळतात.

दुसरी पायरी : डेटा छाटा

सर्वात मोठा फायदा इथेच होतो, म्हणून इथे वेळ द्या.

आपली जिओजेसन फाइल (नकाशाच्या आकृत्या मजकुराच्या रूपात साठवणारी) टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून एक बिंदू नीट पाहा. तिथे बऱ्याचदा १२.३४५६७८९०१२३४५६७ असा आकडा सापडतो. दशांश चिन्हानंतर सहा आकडे ठेवले तरी अचूकता सुमारे ११ सेंटीमीटर राहते. पाच ठेवले तर सुमारे एक मीटर. पुढचे आकडे अणूंची जागा सांगायला निघालेले असतात. सहावर थांबलात तर त्या आकड्याची १८ अक्षरं ९ वर येतात, म्हणजे बरोबर निम्मी, आणि फाइलमध्ये असे लाखो आकडे असतात.

आता बिंदूंची संख्या. नेहमीच्या २५६ पिक्सेलच्या टाइलवर (नकाशाच्या चौकोनी तुकड्यावर), विषुववृत्ताजवळ, झूम ८ ला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे ६११ मीटर. नदीच्या काठावर दर दहा मीटरला एक बिंदू असेल, तर त्यातले साठेक बिंदू एकाच पिक्सेलवर येऊन पडतात. ते सगळे नेटवरून आले, वाचले गेले, काढले गेले, आणि दिसला एकच ठिपका! म्हणून लांबच्या झूमसाठी सोपी केलेली आकृती वेगळी ठेवा. मॅपशेपर हे मोफत साधन यासाठी फार चांगलं आहे : शेजारच्या दोन हद्दींची सामायिक रेषा ते एकदाच सोपी करतं, त्यामुळे मध्ये फटी पडत नाहीत. मूळ डेटा मात्र जपून ठेवा. क्षेत्रफळ किंवा अंतर काढायचं ते मूळ डेटावरूनच.

नकाशावर न वापरलेले गुणधर्मांचे रकानेही काढून टाका. ते क्लिक केल्यावर मागवता येतात. आणि सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली ही फाइल दाबून पाठवायची पद्धत चालू आहे ना, हे एकदा तपासा. जिओजेसन हा मजकूरच असल्यामुळे तो भरपूर दाबला जातो.

तिसरी पायरी : चित्र काढण्याचा भार कमी करा

लीफलेट (वेब नकाशे दाखवणारी लायब्ररी) आपणहून रेषा आणि बहुभुज एसव्हीजीमध्ये काढतं, म्हणजे प्रत्येक आकृती पानातला एक स्वतंत्र घटक होते. हजारो आकृत्या झाल्या की ब्राउझर दमतो. अशा वेळी नकाशा तयार करताना कॅनव्हासचा (सगळ्या आकृत्या एकाच चित्रात काढण्याचा) पर्याय चालू करा. इथे अनेकांची गफलत होते : कॅनव्हास चालू केला तरी चित्राचे नेहमीचे मार्कर तसेच स्वतंत्र घटक राहतात. बिंदू कॅनव्हासवर हवे असतील तर वर्तुळाकार मार्कर वापरा, नाहीतर जवळचे बिंदू एका ठिपक्यात गोळा (क्लस्टर) करा. एकमेकांवर चढलेले पाच हजार मार्कर कोणाच्याच उपयोगाचे नसतात.

डेटा खूपच मोठा असेल तर व्हेक्टर टाइलकडे (तयार चित्राऐवजी आकृत्यांचा डेटा असलेल्या टाइलकडे) जा. टिपेकॅनो हे साधन जिओजेसनमधून प्रत्येक झूमसाठी योग्य तेवढाच तपशील ठेवलेल्या टाइल बनवतं, आणि मॅपलिब्रे ही लायब्ररी त्या टाइल ग्राफिक्स चिपच्या मदतीने काढते. सगळ्या झूमच्या टाइल आधीच बनवायच्या का, हे मात्र विचारपूर्वक ठरवा. प्रत्येक झूमला टाइल चौपट होतात. झूम १० ला साऱ्या जगाच्या १०,४८,५७६ भरतात. गरजेपुरत्याच भागाच्या बनवा.

चौथी पायरी : डेटाबेस आणि विनंत्या

पोस्टजीआयएसमध्ये (पोस्टग्रेस डेटाबेसला नकाशाचा डेटा हाताळू देणाऱ्या जोडणीत) भूमितीच्या रकान्यावर जिस्ट इंडेक्स (जागेनुसार पटकन शोधायची सूची) हवाच. इंडेक्स असूनही क्वेरी संथ असेल तर तिची अट वाचा. प्रत्येक ओळीचं अंतर काढून ते ५०० पेक्षा कमी आहे का असं विचारलं, तर इंडेक्स वापरलाच जात नाही. त्याऐवजी एसटी डीविदिन (ST_DWithin) हे फंक्शन वापरा. अटीमध्ये रकान्याचंच प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत) बदलत असाल तरीही हेच होतं. त्याऐवजी शोधाची चौकट बदलून घ्या.

पडद्यावरच्या चौकटीपुरताच डेटा मागवा, आणि तोही नकाशा थांबल्यावर, पाव सेकंद वाट पाहून. तेवढ्यात नकाशा पुन्हा सरकला तर आधीची विनंती रद्द करा. नाहीतर जुनं उत्तर उशिरा येऊन नव्या चित्रावर बसतं.

क्वचित बदलणाऱ्या टाइलना लांब मुदतीची कॅश द्या आणि त्यांच्या वेब पत्त्यात आवृत्तीचा क्रमांक ठेवा. डेटा बदलला की क्रमांक बदला, म्हणजे कोणाला शिळा नकाशा दिसणार नाही. टाइलसाठी अनेक उपडोमेन वापरायचा जुना सल्ला एचटीटीपी २ (एकाच जोडणीवर अनेक विनंत्या नेणारी पद्धत) असेल तिथे सोडून द्या, प्रत्येक नव्या जोडणीला उगाच वेळ जातो.

एका वेळी एकच बदल करा आणि दर वेळी त्याच फोनवर, त्याच मंद नेटवर्कवर पुन्हा मोजा. ज्या बदलाने आकडा हलला नाही, तो मागे घ्या.