ॲपमध्ये खरेदीची सोय देताय? या चुका टाळा

ऑक्टोबर छाटणीच्या गडबडीत निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदारांचा फोन आला. "दादा, तुमच्या ॲपचे वर्षाचे पैसे भरले होते. तीन दिवस सगळं चाललं. आज पैसे खात्यात परत आले अन् फवारणीच्या नोंदींना कुलूप लागलं. माझं काही चुकलं का?"

त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. गूगल प्लेवर खरेदी झाली की आपल्या ॲपने किंवा सर्व्हरने 'खरेदी पोहोचली, वस्तू दिली' अशी पोच द्यावी लागते. यालाच अ‍ॅकनॉलेज करणं म्हणतात. तीन दिवसांत ही पोच गेली नाही, तर गूगल पैसे परत करतं आणि खरेदी रद्द करतं. माझ्या कोडमध्ये पोच देण्याची ओळ होती, पण ती 'खरेदी यशस्वी' हा पडदा दिसल्यावरच चालायची. पैसे भरून ज्यांनी लगेच ॲप बंद केलं, त्यांच्या बाबतीत ती कधी चाललीच नाही.

इन-ॲप खरेदीतल्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात. आपण धरून चालतो की बटण दाबलं, पैसे गेले, उत्तर आलं, काम झालं. प्रत्यक्षात खरेदीचं उत्तर ॲप बंद असताना येऊ शकतं, दहा मिनिटांनी येऊ शकतं, दुसऱ्या फोनवरही येऊ शकतं. पंचवटी एक्सप्रेसमध्ये बसून कोणी पैसे भरतोय आणि गाडी कसारा घाटातल्या बोगद्यात शिरली, असं समजा. पैसे कापले जातील, पण ॲपला पत्ता लागणार नाही. म्हणून ॲप उघडताना आणि पुन्हा समोर येताना दर वेळी प्लेला विचारायचं, की या खात्यावर कोणत्या खरेद्या आहेत. पोच न दिलेली खरेदी सापडली, तर आधी हक्क द्यायचा, म्हणजे विकलेली सुविधा सुरू करायची, आणि मग पोच. सर्व्हर असेल तर गूगलच्या रिअल-टाइम सूचनाही सुरू करा, म्हणजे ग्राहकाने ॲप उघडण्याची वाट पाहावी लागत नाही.

याची उलट चूकही होते. यूपीआयचा व्यवहार अडकला की खरेदी 'पेंडिंग' अवस्थेत येते. तेवढ्यावर काही लोक सेवा सुरू करून टाकतात. तसं करू नका. ग्राहकाला स्पष्ट सांगा : "पैसे पोहोचण्याची वाट पाहतोय, पुन्हा भरू नका." हे वाक्य नसेल तर माणूस घाबरून पुन्हा प्रयत्न करतो. तीन दिवसांची मुदत पैसे पक्के झाल्यावरच सुरू होते, त्यामुळे पोच द्यायची घाई नको.

खरेदी नेमकी कोणाची?

आमच्याकडे सर्वांत जास्त डोकेदुखी याची झाली. ॲपमध्ये माणूस मोबाइल नंबरने लॉगिन करतो, पण खरेदी चिकटते प्ले स्टोअरच्या गूगल खात्याला. गावाकडे ते खातं मोबाइलच्या दुकानदाराने काढून दिलेलं असतं, नाहीतर पुतण्याचं असतं. फोन बदलला, नवं खातं निघालं, की वर्गणी गायब. दुसरीकडे, एकाच फोनवर काका आणि पुतण्या आपापल्या नंबरने लॉगिन करतात आणि एका वर्गणीवर दोघांची कामं चालतात.

यावर उपाय असा. खरेदी सुरू करतानाच आपल्या वापरकर्त्याची ओळख सांकेतिक रूपात तिच्यासोबत पाठवा. प्ले बिलिंगमध्ये, म्हणजे गूगल प्लेच्या पैसे घेण्याच्या व्यवस्थेत, त्याची सोय आहे, मात्र त्यात मोबाइल नंबर किंवा ईमेल उघडपणे घालू नका. मिळालेलं खरेदी टोकन, म्हणजे त्या खरेदीचा सांकेतिक क्रमांक, सर्व्हरवर गूगलकडून तपासून घ्या आणि एक टोकन एकाच खात्याला जोडा. हक्क आहे की नाही हे ठरवायचं सर्व्हरने. फोनमध्ये साठवलेल्या 'हो'वर विसंबलात, तर ते बदलणारे भेटतातच.

आणखी एक. वर्गणी संपली तरी शेतकऱ्याने स्वतः लिहिलेल्या फवारणीच्या नोंदी त्याला वाचता आल्याच पाहिजेत. निर्यातीच्या वेळी त्या नोंदी मागितल्या जातात. नव्या सुविधा थांबवा, त्याची वही अडवू नका. बागायतदारांच्या त्या फोननंतर मी पहिला बदल केला तो हाच.

वर्गणीचा प्रकार

दर महिन्याला आपोआप पैसे कापणारी वर्गणी कागदावर छान दिसते. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे अशा ई-मँडेटला, म्हणजे आपोआप कपातीच्या परवानगीला, ग्राहकाची सुरुवातीची मंजुरी लागते आणि कपातीच्या किमान २४ तास आधी त्याला सूचना जाते. खात्यात शिल्लक नसेल तर नूतनीकरण अडतं. द्राक्षाचा पैसा हंगामात येतो, दरमहा येत नाही. म्हणून आम्ही आपोआप न वाढणारा प्रीपेड प्लॅन ठेवला.

दहा अहवालांच्या पॅकसारखी संपणारी वस्तू विकत असाल, तर ती 'कन्झ्युम' करायला, म्हणजे वापरली गेली असं प्लेला कळवायला, विसरू नका. नाहीतर दुसऱ्यांदा घेताना 'ही वस्तू तुमच्याकडे आहेच' म्हणून खरेदी नाकारली जाते. क्रम महत्त्वाचा : आधी सर्व्हरवर जमा, मग कन्झ्युम. बेदाणे, रोपं, औषधं या खऱ्या वस्तूंसाठी प्ले बिलिंग वापरायचंच नाही, तिथे नेहमीचं पेमेंट गेटवे. आणि किंमत पडद्यावर हाताने लिहू नका, स्टोअरकडून आलेलीच दाखवा.

आयफोनवर अडकलात तर

वस्तूंची यादी रिकामी येत असेल, तर कोड उसवण्याआधी ॲप स्टोअर कनेक्टमध्ये (ॲप बनवणाऱ्यांसाठीचं ॲपलचं संकेतस्थळ) पेड ॲप्सचा करार, बँक आणि कराची माहिती पूर्ण आहे का ते पाहा. पहिली इन-ॲप खरेदी ॲपच्या नव्या आवृत्तीसोबतच तपासणीला पाठवावी लागते. 'खरेदी पुन्हा मिळवा' हे बटणही हवं, नाहीतर ॲप परत येतं.

चाचणी

प्लेवर वस्तू सापडत नसेल तर तीन गोष्टींकडे पाहा : पॅकेजचं नाव (ॲपची प्लेवरची ओळख) तेच आहे का, वस्तू सक्रिय केली आहे का, आणि फोनवरचं खातं परवाना-चाचणीच्या (लायसन्स टेस्टिंग) यादीत आहे का. चाचणीत महिन्याची आपोआप वाढणारी वर्गणीचं पाच मिनिटांत नूतनीकरण होतं आणि पोच न दिलेली खरेदी काही मिनिटांतच रद्द होते. म्हणजे माझी चूक चहा संपायच्या आत दिसली असती. त्यासाठी गूगलचं उशिरा मंजूर होणारं चाचणी कार्ड निवडा, पैसे भरा, लगेच ॲप बंद करा, इंटरनेटही बंद करा. काही मिनिटांनी नेट चालू करून ॲप उघडा आणि हक्क मिळाला का, पोच गेली का, हे दोन्ही तपासा. मग हेच उशिरा नाकारणाऱ्या कार्डाने करून पाहा.