आपल्या मांजराचं पोर्ट्रेट वॉटरकलरमध्ये काढायचंय? मग हे वाचा

आमच्या ठमीचं पहिलं चित्र काढलं ना, तेव्हा आईने ते हातात घेऊन नीट बघितलं आणि म्हणाली, छान झालंय गं, पण कुणाचं मांजर हे? तीन रात्री जागून काढलं होतं, त्यामुळे फार लागलं मला ते. मग चित्र घेऊन फ्रिजपाशी गेले, ठमी तेव्हा फ्रिजवर बसली होती, आणि शेजारी धरल्यावर एकेक दिसायला लागलं. तिच्या डाव्या कानाला खाच आहे, ती मी काढलीच नव्हती, बरं दिसणार नाही म्हणून. नाक अर्धं गुलाबी अर्धं काळं, ते मी सगळंच गुलाबी केलं होतं. डोळे होते त्यापेक्षा मोठे केले होते. ठमीचं म्हणून जे काही होतं ते सगळं पुसून एक गोड मांजर काढून ठेवलं होतं मी.

त्यानंतर घरची, मैत्रिणींची, सोसायटीतली मिळून बरीच मांजरं रंगवली, आणि आता कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू तर मी आधी ब्रश बाजूलाच ठेवायला सांगते. वही घ्या आणि तुमच्या मांजराच्या दहा गोष्टी लिहून काढा ज्या शेजारच्या मांजरात नाहीत. हनुवटीवर काळा ठिपका, एक मिशी वाकडी, एका पायात मोजा आणि दुसऱ्यात नाही, रागावली की कान कसे बाजूला पडतात, असं काहीही. घरातल्या सगळ्यांना विचारा, प्रत्येकजण वेगळंच सांगतो. रस्त्यावरून आणलेल्या आणि नसबंदीचं ऑपरेशन झालेल्या मांजरांच्या कानाचं टोक बऱ्याचदा कापलेलं असतं, ते प्लीज जोडून देऊ नका, तो कान तसाच काढा. ही यादी शेवटपर्यंत समोर चिकटवून ठेवायची.

आता फोटो. मांजर पोझ देत बसणार नाही त्यामुळे फोटोवरूनच काढावं लागतं, आणि निम्मी चित्रं फोटोमुळेच बिघडतात असं माझं ठाम मत आहे. उभं राहून वरून फोटो काढला की डोकं मोठं आणि पाय गायब. जमिनीवर पालथं पडा, मोबाईल तिच्या डोळ्यांच्या लेव्हलला आणा. अगदी तोंडाजवळ मोबाईल नेला तर नाक फुगतं आणि कान मागे पळतात, म्हणून चार-पाच फूट लांब राहून थोडं झूम करा. फ्लॅश अजिबात नको, मांजराच्या डोळ्यात मागच्या बाजूला प्रकाश परतवणारा पडदा असतो त्यामुळे डोळे नुसते चमकणारे दिवे दिसतात आणि खरा रंग कळतच नाही. खिडकीचा उजेड एका बाजूने येतोय असं बसलेलं असताना काढा, म्हणजे चेहऱ्याची एक बाजू उजेडात आणि एक जरा सावलीत राहते आणि चित्राला गोलाई आपोआप मिळते. अजून एक, भर उन्हात डोळ्यातल्या बाहुलीची उभी रेघ होते आणि संध्याकाळी ती गोल होते, त्यामुळे वेळ ठरवताना हे लक्षात ठेवा. डोळ्यांचा रंग दाखवायचा असेल तर सकाळचा फोटो, चेहरा मऊ हवा असेल तर संध्याकाळचा. मी साधारण पन्नास फोटो काढते आणि त्यातले तीन ठेवते.

सामानात फार पैसे घालू नका, फक्त कागदात घाला. शाळेच्या ड्रॉइंग बुकचा कागद दुसऱ्या वॉशलाच, म्हणजे पाणीदार रंगाच्या दुसऱ्या थरालाच, फुगतो आणि घासला की त्याचे बोळे निघतात. ३०० जीएसएमचा (म्हणजे चांगला जाड) कोल्ड प्रेस, म्हणजे जरा खरखरीत, कागद घ्या, परवडला तर शंभर टक्के कॉटनचा, ए-फोर साइज पुरे, आणि चारही बाजूंनी मास्किंग टेपने पाटावर चिकटवा. रंग कॅमलच्या ट्यूब असतील तर त्याही चालतात, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला वापरलेल्या उरल्या असतील तर उघडून बघा, सुकल्या असल्या तरी पाणी टाकल्यावर बऱ्याचदा परत कामाला येतात. मला प्रत्यक्षात लागतात ते रंग सातच: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, सॅप ग्रीन आणि थोडासा लाल. शिवाय पांढरा पोस्टर कलर किंवा पांढरा गॉश (दाट, खालचं झाकणारा वॉटरकलर), तो शेवटी. ब्रश आठ नंबरचा गोल, तीन नंबरचा गोल आणि एक लांब केसांचा बारीक लायनर.

ट्रेस करणं चालतं का असं बरेच जण दबक्या आवाजात विचारतात. खुशाल करा. साम्य आलं पाहिजे हे महत्त्वाचं, आणि मांजराच्या चेहऱ्यात दोन मिलिमीटर इकडेतिकडे झालं तरी दुसरंच मांजर होतं. फोटोची प्रिंट काढा, बटर पेपरवर मुख्य रेघा घ्या, बटर पेपरच्या मागून फोर-बी पेन्सिल घासा आणि हलक्या हाताने कागदावर उतरवा. कार्बन पेपर नको, त्याची रेघ तेलकट असते, खोडली जात नाही आणि रंगाखालून दिसत राहते. हाताने काढणार असाल तर आधी दोन डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचा त्रिकोण पकडा, मग दोन डोळ्यांमधलं अंतर, जे साधारण एका डोळ्याएवढं असतं, आणि मग कान कुठून सुरू होतात ते. नवशिके कान फार वर लावतात, खरं तर कानाची बाहेरची कड बरीच खाली, डोळ्याच्या बाजूपर्यंत उतरत येते. झालं की चित्र आरशात बघा, तिरपं काय आहे ते लगेच कळतं.

रंगवायला मी नेहमी डोळ्यांपासून सुरुवात करते. डोळे जमले नाहीत तर पुढे जायचंच नाही, दुसरा कागद घ्यायचा. ठमीचा डोळा कसा केला ते सांगते. आधी चमकेचा ठिपका कुठे आहे ते पेन्सिलने अगदी फिकट आखलं, तो अर्धा बाहुलीवर आणि अर्धा बुबुळावर येतो, आणि दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूला पाहिजे. तो सोडून बाकी सगळ्या बुबुळावर लेमन यलोचा पातळ वॉश दिला. ओला असतानाच बाहुलीच्या कडेकडेने सॅप ग्रीनचा थेंब टाकला, तो स्वतःच पसरतो, ब्रशने लोळवायचा नाही. मग वाळू दिलं, पूर्ण, हात लावून थंड लागत नाही इतपत. त्यानंतर वरच्या पापणीखाली करड्या हिरव्या रंगाची एक सावली दिली, आणि हीच सावली लोक विसरतात, तिच्याशिवाय डोळा चेहऱ्यात बसत नाही, वरून चिकटवलेल्या टिकलीसारखा दिसतो. मग अल्ट्रामरीन आणि बर्न्ट अंबर घट्ट मिसळून बाहुली भरली. शेवटी त्याच रंगाने डोळ्याची कड, मांजरांनी काजळ घातल्यासारखी असते ना ती, आतल्या कोपऱ्यात नाकाकडे जरा ओढून घेतलेली. दोन डोळ्यांना मला दोन तास लागतात आणि मी घाई करत नाही.

केसांचं सांगायचं तर एकेक केस काढू नका. १९व्या शतकातली कालीघाटची पटचित्रं बघा, तोंडात कोळंबी धरलेलं ते मांजर, केस मोजत कुणी बसलेलं नाहीये तरी मांजर अंगात भरलेलं आहे. आपल्याला फक्त केस कुठल्या दिशेने झुकतात तेवढं कळलं पाहिजे. नाकापासून कपाळाकडे वर, गालांवर बाहेर पंख्यासारखे, छातीवर खाली. पहिला वॉश सगळ्यात फिकट रंगाचा, पाणी भरपूर, आणि ब्रश त्या दिशेनेच फिरवा. दुसरा थर किंचित ओलसर असताना, पट्टे वगैरे ह्यातच टाकायचे म्हणजे त्यांच्या कडा मऊ राहतात. तिसरा थर वाळल्यावर, आणि तो फक्त कानाच्या मुळाशी, गालाच्या कडेला, हनुवटीखाली, अशा चार-पाच जागीच तुटक रेघांनी. बाकीचं बघणाऱ्याचा डोळा भरून घेतो.

काळं मांजर असेल तर ट्यूबमधला काळा वापरू नका, तो नुसता खड्डा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून काळा करा, उजेडाच्या बाजूला निळसर झुकवा, आणि उन्हात बसलेलं असेल तर पाठीवर जरा तांबूस, कारण बरीचशी काळी मांजरं उन्हात खरंच तांबूस दिसतात. पांढरं मांजर म्हणजे कोरा कागद, त्यावर अगदी पाण्यासारखी निळसर-जांभळट सावली आणि मागे गडद बॅकग्राउंड, झालं. केशरी बोक्याला यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना, सावलीत चिमूटभर निळा. केशरी मांजर कधी पूर्ण एकरंगी नसतं, नीट बघितलं तर फिकट का होईना पट्टे आणि कपाळावर एम अक्षरासारखी खूण सापडतेच, ती काढलीत की चेहरा लगेच जिवंत होतो. आणि तिरंगी मांजर रंगवून द्यायचं असेल तर बहुधा ती मुलगीच असते, केशरी रंगाचा जीन एक्स क्रोमोसोमवर असल्यामुळे, तेव्हा चित्राखाली नाव घालताना लक्षात असू द्या. तिरंगीचे ठिपके मात्र फोटोवरून मोजून काढा, अंदाजाने एकही नाही, घरच्यांना ते पाठ असतात.

मिशा सगळ्यात शेवटी. पांढरा पोस्टर कलर दाट ताकाइतका पातळ करा, लायनर ब्रशला भरा, आधी रफ कागदावर वीस-पंचवीस ओढून हात मोकळा करा. मिशी मुळापासून टोकाकडे एका झटक्यात ओढायची, शेवटी दाब कमी करत, श्वास रोखून. मनगटाने नाही, कोपरापासून हात फिरला पाहिजे. गालावर मिशांच्या मुळाशी बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात, त्या आधी काढून घ्या म्हणजे मिशा कुठून निघतात हे ठरतं. भुवयांच्या दोन-तीन मिशाही विसरू नका. एखादी चुकली तर लगेच ओल्या ब्रशने टिपून घ्या, घासू नका.

पावसाळ्यात हे सगळं जरा जड जातं. वॉश वाळायला तास लागतो आणि लोक कंटाळून ओल्यावरच पुढचा थर टाकतात, मग सगळं गढूळ. हेअर ड्रायर चालेल पण लांबून आणि थर जरा बसल्यावर. कागदाचं पॅकेट उघडं ठेवू नका, दमट हवेत कागदावरचं साइझिंग, म्हणजे रंग एकदम शोषला जाऊ नये म्हणून दिलेला लेप, खराब होतं आणि मग रंग ठिपक्याठिपक्यांनी शोषला जातो. माझे चांगले सहा कागद असे गेलेत. प्लॅस्टिकच्या पिशवीत, सोबत बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी टाकून, कपाटात वरच्या कप्प्यात ठेवा. फ्रेम करतानाही माउंट, म्हणजे चित्राभोवती पुठ्ठ्याची चौकट, लावूनच करा, काच कागदाला टेकली की मुंबई-कोकणात बुरशी आलीच.

आणि एक फार महत्त्वाचं, ब्रश धुतलेलं पाणी मांजराच्या समोर ठेवू नका. ती ते पितात. झाकणाचा डबा वापरा. ट्यूबवर कॅडमियम लिहिलं असेल तर जास्तच सांभाळा, आणि ऑइल पेंटिंग करत असाल तर टर्पेंटाइन उघडं असलेल्या खोलीत मांजर नकोच, ते त्यांना विषारी आहे. पंजाला रंग लागला तर तिने चाटायच्या आत साध्या पाण्याने धुऊन पुसा.

गेलेल्या मांजराचं चित्र काढायचं असेल तर वरचं फोटोचं सगळं बाद होतं, जे आहे त्यातूनच करावं लागतं. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो दाबून बारीक झालेला असतो म्हणून मूळ फोटो मागा, व्हिडिओ असतील तर थांबवून थांबवून बघा, पोझ एका फोटोतून घ्या आणि रंग दुसऱ्यातून, फक्त उजेडाची बाजू दोन्हीत एकच आहे ना ते तपासा. आणि माणसांना विचारा. गेल्या वर्षी आमच्या मागच्या बिल्डिंगमधल्या आजींच्या मनीचं काढलं, मनी सोळा वर्षं त्यांच्याजवळ होती आणि फोटो एकच, तोही हललेला, आजींच्या पदरातून अर्धं तोंड बाहेर. डोळे कसे होते विचारलं तर म्हणाल्या मधासारखे, पण रात्री नुसते काळे. मी मधाचे केले. चित्र द्यायला घेऊन गेले तर त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं, मग म्हणाल्या शेपटीचं टोक वाकडं होतं गं तिचं, दारात सापडलं होतं लहानपणी. फोटोत शेपटी नव्हतीच, मी अंदाजाने सरळ काढली होती. पिशवीत रंग होतेच, तिथेच त्यांच्या डायनिंग टेबलावर बसले, ओल्या ब्रशने टोकाचा रंग उचलला, वाळू दिलं, आणि आजींनी बोट वाकवून दाखवलं किती, तेवढं वळवलं.