एजन्सीमार्फत मालट्रकवर चालक म्हणून काम सुरू करताना

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अनेक वाहतूकदारांकडे जितक्या गाड्या असतात, तितके पगारी चालक नसतात. कोणी लग्नसराईत गावी जातो, कोणी आजारी पडतो, केळीचा किंवा कापसाचा हंगाम एकाएकी जोर धरतो, आणि मग चालक पुरवणाऱ्या एजन्सीकडे माणसाची मागणी येते. अशा एजन्सीच्या यादीत नाव नोंदवलेल्या बदली चालकाला काम लवकर मिळते, हे खरे आहे. परंतु कायम चालकाला आपल्या गाडीची प्रत्येक खोड माहीत असते, तर बदली चालकाच्या हाती दर वेळी अनोळखी गाडी, अनोळखी माल आणि पुष्कळदा अनोळखी मालक येतो. म्हणूनच किल्ली हातात घेतल्यापासून गाडी फाटकाबाहेर काढेपर्यंतचा अर्धा तास हा त्याच्या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग असतो, असे माझे ठाम मत आहे. तो अर्धा तास कोणाच्याही घाईपोटी सोडू नये.

सुरुवात परवान्यापासून करावी. मालवाहू गाडी चालवण्यासाठी वयाची २० वर्षे पूर्ण असावी लागतात, आणि अवजड वाहनाचा शिकाऊ परवाना मिळण्यापूर्वी हलक्या मोटार वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जवळ असावा लागतो. त्यानंतर नमुना १-अ मधील वैद्यकीय प्रमाणपत्र, मान्यताप्राप्त मोटार ड्रायव्हिंग स्कूलचे नमुना ५ मधील प्रशिक्षण प्रमाणपत्र आणि शिकाऊ परवान्याचे किमान ३० दिवस झाल्यावर प्रत्यक्ष चाचणी, असा क्रम असतो. अर्ज परिवहन खात्याच्या ‘सारथी’ संकेतस्थळावर भरता येतो. आठवी उत्तीर्ण असण्याची जुनी अट २०१९ मध्ये काढून टाकण्यात आली आहे, त्यामुळे शाळा लवकर सुटलेल्या मुलांनी या कारणाने मागे राहू नये आणि शाळेचा बनावट दाखला करून देणाऱ्या दलालाच्या नादी तर मुळीच लागू नये. वाहतूक संवर्गाचा परवाना पाच वर्षांसाठी वैध असतो. मनमाडजवळच्या पानेवाडीहून खानदेशात येणाऱ्या इंधनाच्या टँकरवर काम करायचे असेल, तर धोकादायक मालाचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि परवान्यावर तशी नोंद आवश्यक असते.

नव्या माणसाने थेट दहाचाकी गाडीवर जाऊ नये. एकूण भारासह ७,५०० किलोपर्यंतची मालवाहू गाडी हलक्या मोटार वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे. भुसावळ ते पाचोरा किंवा धुळे ते दोंडाईचा अशा जवळच्या फेऱ्या लहान गाडीवर केल्यास मागे घेणे, अरुंद बाजारात वळवणे, ताडपत्री ताणणे आणि कागद सांभाळणे या गोष्टी अंगवळणी पडतात. तोपर्यंत अवजड वाहनाच्या परवान्यासाठी लागणारे एक वर्षही भरते.

एजन्सी निवडताना तिची पाटी किती मोठी आहे, यापेक्षा ती लिहून काय देते हे पाहावे. मजुरी दिवसाच्या हजेरीवर आहे की फेरीवर, भत्ता मजुरीत धरलेला आहे की वेगळा, माल उतरवण्यासाठी गाडी दोन दिवस उभी राहिली तर त्या दिवसांचे काय, आणि माल कमी भरला किंवा डिझेल जास्त लागले तर कपात कोणाच्या हिशेबातून होणार, या चार प्रश्नांची उत्तरे कागदावर, निदान मोबाईलवरील लेखी संदेशात तरी, मिळाली पाहिजेत. वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा लागू होतो. अशी एजन्सी असेल तर आपला यूएएन, म्हणजे निधीच्या खात्याचा नोकरी बदलली तरी कायम राहणारा क्रमांक, मागून घ्यावा आणि पूर्वी कोठे नोकरी झालेली असल्यास जुनाच क्रमांक द्यावा. कर्मचारी राज्य विमा योजनेत (ईएसआय) मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेले कामगार येतात आणि त्यात कामगाराच्या वेतनातून पाऊण टक्का कापला जातो. ही कपात दाखवली जात असेल, तर विमा क्रमांकही मिळायला हवा. नाव नोंदवण्यासाठी अनामत मागणारी किंवा मूळ परवाना ठेवून घेणारी एजन्सी मात्र तत्काळ सोडावी. परवान्याची प्रत द्यावी, मूळ परवाना कधीही देऊ नये, कारण ज्याच्या कपाटात आपला परवाना आहे त्याला नको असलेल्या फेरीसाठी नाही म्हणणे कठीण जाते.

आता त्या अर्ध्या तासाकडे वळू. एजन्सीतून फोन आल्यावर गाडीचा क्रमांक, प्रकार, माल, भरण्याचे व उतरवण्याचे ठिकाण आणि जागेवर भेटणाऱ्या माणसाचे नाव लिहून घ्यावे. तेथे पोहोचल्यावर प्रथम गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारून मोबाईलवर चित्रीकरण करावे. बंपर, आरसे, दिवे, हौद्याच्या फळ्या, काचेवरील तडा, स्टेपनी, जॅक आणि पाने हे सारे त्यात यावे. किलोमीटरचा आकडा आणि डिझेलच्या काट्याचे छायाचित्रही त्याच वेळी काढावे. आधीच्या चालकाने केलेली मोडतोड नव्या चालकाच्या नावावर लिहिली जाण्याचे प्रकार या धंद्यात होतात, आणि अशा वेळी हे चित्रीकरण उपयोगी पडते.

त्यानंतर चाके पाहावीत. मागच्या जोडचाकांच्या मध्ये दगड अडकलेला असतो, तो बाहेरून चटकन दिसत नाही, म्हणून वाकून आणि विजेरी लावून पाहावे. नटांभोवती गंजाच्या ताज्या रेघा दिसल्या तर नट सैल असण्याचा संभव असतो. भुसावळ-जळगाव पट्ट्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि त्या दिवसांत टायर फुटण्याचा धोका वाढतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी आणि तापलेल्या टायरमधील हवा जास्त वाटते म्हणून ती कमी करू नये, कारण टायर थंड झाल्यावर तीच हवा अपुरी ठरते आणि कमी हवेचा टायर पुन्हा लवकर तापतो.

एअर ब्रेकची तपासणी हा या सगळ्याचा गाभा आहे. इंजिन चालू करून हवेच्या दाबाची सुई पूर्ण वर येऊ द्यावी, मग सपाट जागी चाकांना लाकडी ठोकळे लावून इंजिन बंद करावे आणि पायातील ब्रेक दाबून मिनिटभर तसाच धरावा. पहिल्या दाबाला सुई थोडी खाली येते, पण त्यानंतरही ती सरकत राहिली किंवा कोठून फुसफुस ऐकू आली, तर हवा गळते आहे असे समजावे. हवेच्या टाक्यांतील पाणीही सोडून द्यावे. या तपासणीत दोष आढळल्यास गाडी हलवायची नाही, मग मालक, मुकादम किंवा एजन्सी काहीही म्हणो. २०२३ च्या जुलै महिन्यात शिरपूर तालुक्यात पळासनेरजवळ मुंबई-आग्रा महामार्गावर ब्रेक निकामी झालेला कंटेनर वाहनांना धडक देत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला आणि अनेकांचे प्राण गेले, हे या रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

खानदेशातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक मोठ्या वाटा घाटातून जातात. सेंधव्याकडून शिरपूरकडे येताना बिजासन घाट, साक्रीकडून नवापूरकडे उतरताना कोंडाईबारी घाट आणि चाळीसगावकडे उतरणारा कन्नड घाट हे तिन्ही घाट पहिल्यांदा दिवसा पाहून घ्यावेत. कन्नड घाटात न्यायालयाच्या आदेशाने अवजड वाहनांवर बंदी आलेली आहे, म्हणून त्या दिशेचे भाडे घेण्यापूर्वी पर्यायी मार्ग कोणता आणि वाढीव अंतराचे डिझेल कोण देणार, हे ठरवून घ्यावे. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर टाकावा आणि जो गिअर चढताना लागतो त्याच गिअरमध्ये उतरावे. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग कमी करणारा ब्रेक, असेल तर तो वापरावा. पाय सतत ब्रेकवर ठेवल्याने लायनर तापून ब्रेक धरेनासा होतो. डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे म्हणजे तर जिवाशी खेळ आहे आणि ते शिकवणाऱ्या उस्तादाचे ऐकू नये, तो कितीही जुना असला तरी.

कागदपत्रांत नोंदणी प्रमाणपत्र, विमा, योग्यता प्रमाणपत्र, परमिट आणि प्रदूषण प्रमाणपत्र यांच्या तारखा स्वतः वाचाव्यात. मालासोबत बिल्टी (वाहतूकदाराची मालाची पावती) आणि बिल असावे. राज्याबाहेर जाणारा माल ५०,००० रुपयांहून अधिक किमतीचा असेल तर सामान्यतः ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली मालवाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचे बिल, लागते. त्यावर आपल्याच गाडीचा क्रमांक आहे ना, हे पाहावे, कारण ऐन वेळी गाडी बदलली तरी बिलावर जुनाच क्रमांक राहून जातो. साधारण मालवाहतुकीसाठी या बिलाची मुदत प्रत्येक २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस अशी मोजतात. वाटेत गाडी बंद पडली तर मुदत संपण्याच्या आठ तास आधीपासून आठ तास नंतरपर्यंत ती वाढवून घेता येते, म्हणून बिघाडाची खबर ताबडतोब कळवावी.

गाडी भरल्यावर काट्यावर वजन करूनच निघावे. २०१८ च्या सुधारित मर्यादेनुसार दोन आसांच्या सहाचाकी ट्रकचे भारासह एकूण वजन १८.५ टन आणि तीन आसांच्या दहाचाकीचे २८.५ टन धरले जाते, पण त्या विशिष्ट गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर जो आकडा असेल तोच खरा मानावा. मर्यादेपेक्षा जास्त भार आढळल्यास २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवावा लागतो. ‘वरचे बघून घेऊ’ हे तोंडी आश्वासन नाक्यावर कामी येत नाही.

मालाचेही स्वभाव असतात. रावेर, सावदा, यावल, चोपडा या भागातली केळी पानांचा थर देऊन भरलेली असोत की क्रेटमध्ये, तिला वारा लागला पाहिजे, म्हणून ताडपत्री चारही बाजूंनी घट्ट आवळू नये. खड्ड्यांतून वेगाने नेलेल्या केळीच्या सालीवर पोहोचेपर्यंत काळे डाग उमटतात आणि व्यापारी तेथेच दर पाडतो. उत्तरेकडे जाणाऱ्या केळीच्या भाड्यात वेळेचा तगादा फार असतो. त्यामुळे पहिल्या वर्षी अशा लांबच्या फेरीवर दुसरा चालक सोबत असल्याशिवाय जाऊ नये, असा माझा आग्रह आहे. जिनिंगमधून निघणारी कापसाची गाठ सुमारे १७० किलोची असते आणि गाठींचा थर उंच जातो. गावातून जाताना वरच्या विजेच्या तारा पाहाव्यात आणि गाडीजवळ कोणालाही विडी ओढू देऊ नये. नंदुरबारची मिरची भरताना नाकातोंडाला रुमाल बांधणे एवढे पुरे.

झोपेच्या बाबतीत तडजोड नको. कायद्याने मोटार वाहतूक कामगारासाठी दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातलेली आहे. बदली चालकाला मात्र एका मालकाची फेरी संपताच दुसऱ्याची मिळू शकते आणि दोघांनाही त्याचे एकूण तास ठाऊक नसतात. ते मोजण्याची जबाबदारी त्यामुळे स्वतःवरच येते. आदल्या दिवशी किती तास चाक हातात होते, हे एजन्सीला स्पष्ट सांगावे. पहाटे दोन ते पाच या वेळेत झोप अनावर होते. चहा, तंबाखू किंवा गाणी यांनी ती फार तर थोडा वेळ लांबते. पेट्रोल पंपावर किंवा उजेडाच्या ढाब्यावर गाडी लावून पडावे, रस्त्याच्या कडेला दिवे बंद करून कधीही थांबू नये.

अपघात झालाच तर जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. जमाव अंगावर येत असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन हजर व्हावे आणि ११२ क्रमांकावर फोन करावा. मालकाला आणि एजन्सीला लेखी संदेश पाठवावा, म्हणजे विमा कंपनीला कळवण्यास उशीर होत नाही.

हिशेबासाठी खिशात मावेल अशी वही ठेवावी. तारीख, गाडीचा क्रमांक, निघताना व परतताना किलोमीटर, घेतलेली उचल, डिझेल, हमाली, हवा-पंक्चर आणि थांबून राहिलेले दिवस त्यात लिहावेत. उतरवताना पोच पावतीवर शिक्का आणि सही घेऊन तिचे छायाचित्र काढावे, कारण मूळ पोच एजन्सीकडे जमा केल्यावर आपल्याजवळ दुसरा पुरावा राहत नाही. महिनाअखेरीस वहीतील फेऱ्या आणि खात्यात जमा झालेली रक्कम ताडून पाहावी, भविष्य निर्वाह निधीचे पासबुक ऑनलाइन उघडून त्या महिन्याची नोंद तपासावी, आणि फरक आढळल्यास पुढची फेरी स्वीकारण्यापूर्वीच एजन्सीला लेखी विचारणा करावी.