काठी, गोळ्या आणि अचवा नदी

मिरजेत एमबीबीएस झालं आणि मी सार्वजनिक आरोग्याकडे वळले, तेव्हा आई म्हणाली, "एवढं शिकून गोळ्या वाटणार होय गं?" खोटं नव्हतं. उत्तर युगांडात अचवा नदीकाठी मी दोन वर्षं गोळ्याच वाटल्या, रिव्हर ब्लाइंडनेस या नजर घालवणाऱ्या रोगावरच्या.

हा रोग आपल्याकडे नाही. ऑन्कोसर्का नावाचा जंत आणि तो पसरवणारी, चिलटाएवढी काळी माशी. ती वाढते खळाळत्या पाण्यात. सांगलीत कृष्णाकाठी डासांवर पोसलेल्या माझ्या डोक्यात हे बसायला वेळ लागला, की इथं डबकं शोधायचं नाही.

आमची गोळी म्हणजे आयव्हरमेक्टिन. ते कातडीत आणि डोळ्यांत फिरणारी जंताची पिल्लं मारतं. कातडीखालच्या गाठीत बसलेली मादी मरत नाही. ती दहा-पंधरा वर्षं पिलावळ सोडत राहते. म्हणून गोळी वर्षातून एकदा, आमच्या भागात दोनदा, वर्षानुवर्षं. मर्क कंपनी 1987 पासून फुकट देते, तुटवडा होतो तो चिकाटीचा. आणि या कामात येणार असाल तर, गेलेली नजर परत येत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायला शिका. मी एका आजोबांना गुळमुळीत उत्तर दिलं होतं, पुढच्या फेरीला ते नातवाचा हात धरून "अजून दिसत नाही" म्हणत आले.

डोस वजनावर नाही, उंचीच्या काठीवर ठरतो. 90 सेंटिमीटरच्या आत गोळी नाही, 159 पासून पुढे चार. पोरं टाचा उंचावतात, बायका डोक्यावरचं ओझं उतरवत नाहीत. दोन्हींकडे लक्ष ठेवा. गरोदर बाईला गोळी नाही. मध्य आफ्रिकेत जाणार असाल तर लोआ लोआ आधी वाचा: तो जंत रक्तात खच्चून असताना ही गोळी दिली तर मेंदूवर बेततं.

सरावासाठी परदेशच हवा असं नाही. गडचिरोली, चंद्रपूरकडे हत्तीपायाच्या गोळ्या वाटायच्या मोहिमेत दारोदार फिरून बघा. परदेशी डिग्रीपेक्षा मला ते जास्त मोलाचं वाटतं.

माझी मोठी चूक रजिस्टरची. दुपारी घरी नसलेल्यांपुढे मी 'गैरहजर' लिहून मोकळी व्हायचे. गावच्या वाटपवालीनं पानावर बोट ठेवलं: हे सगळे मासे धरणारे. म्हणजे सगळ्यात जास्त चावे खाणारे! दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी पाण्यापाशी गेलो. ओल्या खडकावर काठी धरायला सपाट जागा मिळेना, आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यानं मनगटावर बसलेली माशी मला हाकलताही आली नाही.